फोन मीच कट केला होता

सातारा, सोमवार रात्र

ती. आई आणि आण्णा, सा. न.

काल फोन कट झाला तो रेंज गेली म्हणून नाही, मीच कट केला. आई तू म्हणालीस, "आपल्याच लोकांनी पाडलं की रे ते हेलिकॉप्टर, मोबाईलवर बघितलं मी, मग कशाला धाडतोस सुजय पोराला हवाई दलात," आणि मला काय बोलायचं तेच सुचेना. शेजारी सुजय बसलेला, होस्टेलमधनं रविवारचा आलेला, त्यानं सगळं ऐकलं. म्हणून आज लिहितोय. फोनवर आण्णा मधेच "बरं ठेव" म्हणतात आणि विषय तिथंच राहतो.

आई, तू बघितलंस ते खरं आहे. लपवण्यासारखं काही नाही त्यात. 27 फेब्रुवारी 2019, बालाकोटच्या हवाई हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाकिस्तानची विमानं आली, वर झटापट सुरू, त्याच वेळी श्रीनगरच्या तळावरनं निघालेलं आपलं एमआय-17 व्ही-5 हेलिकॉप्टर परत फिरत होतं आणि खालनं आपल्याच क्षेपणास्त्रानं त्याला पाडलं. बडगाम जिल्ह्यात पडलं. हवाई दलाची सहा माणसं गेली. आधी सगळीकडं बिघाड झाला, तांत्रिक कारण असंच चाललं होतं, मग ऑक्टोबरमध्ये हवाई दल प्रमुख भदौरिया स्वतः बोलले की आपलंच क्षेपणास्त्र होतं, मोठी चूक झाली, आणि दोन अधिकाऱ्यांवर कारवाई होणार. आपलं कोण आणि परकं कोण हे ओळखायची यंत्रणा असते, पण त्या सकाळच्या गडबडीत ओळख पटलीच नाही. यावर मी काय पांघरूण घालू? तुला राग आला तो बरोबरच आहे.

पण एक गोष्ट मी तुम्हाला आजवर सांगितलेली नाही. त्या आठवड्यात मी कंपनीच्या कामाला नाशकात होतो. हेलिकॉप्टरच्या दोन पायलटपैकी एक नाशिकचा, स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे, 33 वर्षांचा. 1 मार्चला त्याची अंत्ययात्रा होती आणि मी ज्या दुकानात बिल करायला गेलो होतो त्या माणसानं शटर ओढलं, म्हणाला चला साहेब, बिल उद्या. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. गर्दी म्हणजे किती, शाळेची पोरं, रिक्षावाले, गच्च्यांवर बायका. मी काही रडणारा माणूस नाही हे आण्णांना माहितीय, आज्जी गेली तेव्हापण मी चहाचं बघत होतो, पण तिथं मला उभं राहवेना. माझ्या पुढ्यात एक म्हातारा डोक्यावरची टोपी काढून हातात धरून उभा होता, अगदी आण्णा उभे राहतात तसा एका पायावर भार देऊन. संध्याकाळी लॉजवर टीव्ही लावला तर सगळ्या चॅनेलवर वाघा बॉर्डर. पाकिस्ताननं धरलेला पायलट अभिनंदन त्याच दिवशी परत आला ना. आला ते चांगलंच झालं, मीपण टाळ्या वाजवल्या. पण सकाळी बघितलेलं कुठंच दिसेना, खाली पट्टीवर एक ओळ सरकून गेली.

तेव्हापासून मी निनादबद्दल मिळेल ते वाचत आलो. भोसला मिलिटरी स्कूलचा पोरगा. नंतर तेव्हाच्या औरंगाबादची ती एसपीआय, म्हणजे सरकारची संस्था, आपल्या मराठी पोरांची एनडीएची, खडकवासल्याच्या त्या फौजी अकादमीची, तयारी करून घेतात ती, तिथला. म्हणजे आपल्यासारख्याच घरातला, फौजेत चार पिढ्या वगैरे असलं काही नसलेला. त्याच्याबरोबरचा दुसरा पायलट सिद्धार्थ वशिष्ठ, चंदीगडचा, त्यानं 2018 ला केरळच्या पुरात लोकांना बाहेर काढायचं काम केलेलं. दोघांनाही 2020 ला मरणोत्तर वायुसेना पदक मिळालं.

केरळचा पूर म्हटल्यावर आपला पूर आठवला. आण्णा, ऑगस्ट 2019, म्हणजे बडगामनंतर जेमतेम साडेपाच महिने. सांगलीत आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांच्या वर, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेलेली, आणि तुम्ही दोघं नि सुजय भिलवडीत पाटलांच्या स्लॅबवर. मी कराडात अडकलो, रस्ताच बंद. त्या हेलिकॉप्टरचं तुम्ही दोघं वेगवेगळं सांगता. आण्णा म्हणतात लई खाली आलं होतं, आई म्हणते माझी नवी ताडपत्री उडवून नेली मेल्यानं आणि बिस्किटाचं पाकीट पडलं ते नेमकं पलीकडच्या गोठ्याच्या पत्र्यावर. सात वर्षं होत आली, तू ताडपत्री विसरली नाहीस. सुजय त्यातलं तिसरंच सांगतो. तो म्हणतो हेलिकॉप्टरच्या दारात एक माणूस गुडघ्यावर बसला होता आणि खाली वाकून हातानं सांगत होता की मागं सरका मागं सरका. तो तेव्हा पाचवीत होता. त्याला पायलट दिसलाच नाही, तो माणूस दिसला.

आता ताडपत्री का उडाली ते ऐक, म्हणजे राग जाईल. ते धूड भरल्यावर 13 टनापर्यंत जातं, उसाची भरली ट्रॉलीच म्हण ना. एवढं वजन नुसती हवा खाली ढकलून वर धरायचं. फायटरला पुढं पळायचं असतं, ह्याला एका जागी थांबायचं असतं, आणि थांबणं जास्त अवघड. डाव्या हातात एक दांडा वरखाली करायला, उजव्या हातात दुसरा पुढंमागं नि बाजूला झुकवायला, पाय पेडलवर नाक फिरवायला, आणि एक हलवलं की बाकीची दोन सावरायला लागतात. इंजिन बंद पडलं तर खालनं येणाऱ्या हवेवर पाती फिरती ठेवून उतरवताही येतं म्हणे, तेसुद्धा शिकवतात. हे सगळं मला सुजयनंच समजावलंय, जेवताना चमचा आणि लाटणं घेऊन, वरण सांडेपर्यंत.

आण्णा, तुम्ही म्हणालात जायचंच असेल तर फायटरला जाऊ दे, नाव तरी होतं. हे मलापण वाटलं होतं. पण बघा ना, सियाचिनला रसद कोण नेतं, जखमी जवान खाली कोण आणतं, पुरात कोण येतं. 2013 ला केदारनाथच्या प्रलयात लोकांना काढताना गौरीकुंडजवळ असंच एक एमआय-17 पडलं, 20 जण गेले, त्यात एनडीआरएफची म्हणजे आपत्तीत बचाव करणारी आणि आयटीबीपीची म्हणजे सीमा पोलिसांची माणसं होती, पायलट विंग कमांडर डॅरिल कॅस्टेलिनो आपल्या मुंबईचा. किती जणांना नाव आठवतं? मला स्वतःला वाचायच्या आधी माहीत नव्हतं. नाव होण्यासाठी हे काम नाहीच, आणि ते मला सुजयला वेगळं सांगावं लागलं नाही.

उलट त्यानंच मला गप्प केलं. मागच्या महिन्यात शाळेत भेटायला गेलो होतो, तुम्हाला माहितीय ती शाळा 1961 ची, देशातली पहिली सैनिक स्कूल, गेटमधून आत गेलं की आपोआप पाठ ताठ होते. तिथं झाडाखाली बसून मी त्याला बडगामचं सगळं सांगितलं, आपल्याच क्षेपणास्त्राचंही. मनात होतं की हे ऐकून विचार बदलला तर बदलू दे, खरं सांगतो. त्याला आधीच माहीत होतं. म्हणाला, "पप्पा, सगळे सहा म्हणतात पण सात गेले ना? खाली गावातला एक माणूस पण गेला." मी इतकं वाचलेलं, पण माझ्याही तोंडात सहाच बसलेलं. सातवा खाली जमिनीवर होता, त्या सगळ्याशी संबंध नसलेला. मग मला म्हणाला, ज्याला खालचा माणूस दिसत नाही त्यानं उडवू नये. एवढंच बोलला आणि बेल झाली तसा पळाला, मेसमध्ये उशीर झाला की पनिशमेंट.

तर परिस्थिती अशी. एनडीएची लेखी पास झालाय, एसएसबीचं म्हणजे अधिकारी निवडायच्या मुलाखतीचं बोलावणं येईल, पाच दिवस असतं. त्यात पायलटसाठीची एक मशीनवरची टेस्ट असते, ती आयुष्यात एकदाच देता येते, फेल झाला की उडायचं स्वप्न तिथंच संपलं, मग नेव्ही, आर्मी नाहीतर हवाई दलातलंच जमिनीवरचं काम. पास झाला तरी खडकवासल्याला तीन वर्षं, मग हैदराबादजवळ दुंडीगलची हवाई दलाची अकादमी, आणि फायटर, ट्रान्सपोर्ट की हेलिकॉप्टर हे तेच ठरवणार. म्हणजे अजून लई लांब आहे, आई तू लगेच रात्री जागू नकोस. त्याची आई पण जागतीय, मला दिसतं, ती बोलत नाही. मी तुला "काही होणार नाही" असं लिहिणार नाही. नाशकात त्या रस्त्यावर उभा राहिलेला माणूस तसं लिहू शकत नाही. पण नाही म्हणायचं तर मला त्याला कारण द्यावं लागेल, आणि मला भीती वाटते एवढंच माझ्याकडं कारण आहे.

तू त्याला स्वतः विचार. दिवाळीच्या सुट्टीत दुसऱ्या दिवशी रेल्वेनं भिलवडीला येतोय, स्टेशनवर आण्णांनी यायची गरज नाही, गुडघा सांभाळा, आम्ही रिक्षा करतो. फोनवर रागवू नकोस, समोर बसवून काय बोलायचं ते बोल, तो ऐकून घेतो. आणि जेवायला वाढताना जरा हात आखडता घे, मेडिकल आहे पुढं, तुझ्या हातचे धपाटे दिसले की तो मोजत नाही.

ताडपत्री घेतलीय पोवई नाक्यावरनं, 12 बाय 18 ची, निळी. येताना आणतो.

तुमचा,
बाळू