चवथीच्या मिठाईचा रिपोर्ट विसर्जनानंतर का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी चवथीच्या आधी आठ-दहा दिवस पेपरात एक बातमी ठरलेली असते, बाहेरच्या राज्यातून बसमधून आलेला मावा पकडला, मिठाईच्या दुकानांची झडती घेतली, सॅम्पल लॅबला पाठवले. पाठवले, इथवर बातमी येते. पुढे काय झालं ते मी तरी फार क्वचित वाचलंय. आमचा गणपती दीड दिवसाचा, कुणाचा पाच, कुणाचा सात, आणि अन्न सुरक्षा कायद्यात अॅनालिस्टला रिपोर्ट द्यायला चौदा दिवस दिलेत. म्हणजे पेढे खाल्ले, गणपती पोचवला, माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची आरास) उतरवली, पाहुणे आपापल्या घरी गेले, आणि मग कुठल्या तरी फाइलीत कळणार की ते पेढे कसे होते. हे पत्र त्यासाठीच लिहितेय. पण आधीच सांगते, मी लॅबवर टीका करायला बसलेली नाही, गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या बांबोळीतल्या लॅबनेच आमचा एक मोठा संशय पक्का करून दिलाय.

आम्ही माशेलच्या पाच बायका, बचत गटातून मसाले, लोणचं, सांडगे करून विकतो. गेल्या उन्हाळ्यात एका घाऊक व्यापाऱ्याकडून दहा किलो हळद पावडर घेतली, नेहमीपेक्षा किलोमागे बरीच स्वस्त मिळाली म्हणून खूश होतो. रंग इतका झळझळीत की डबा उघडला तर डोळ्यात भरावा. त्या हळदीचं आंब्याचं मिस्कुट (लोणचं) घातलं, चाळीस बरण्या. आमच्या वाड्यावर एक निवृत्त केमिस्ट्रीचे सर राहतात, त्यांच्याकडे एक बरणी दिली तर ते म्हणाले हळद आणून दाखव बघू. त्यांनी काचेच्या नळीत थोडी हळद पाण्यात घालून अॅसिडचे थेंब टाकले, गुलाबी रंग आला. मग ते म्हणाले एवढ्यावर काही ठरत नाही, चांगली हळदसुद्धा अॅसिडने लालसर होते पण भरपूर पाणी घातलं की तो रंग निघून जातो. त्यांनी पाणी घातलं. रंग गेलाच नाही. मेटॅनिल यलो असणार, सर म्हणाले, हा कापड नि चामडं रंगवायचा रंग, खाण्यात अजिबात चालत नाही. (हे अॅसिडचं काम घरी मुलाबाळांसमोर करू नका, आम्ही सरांसारखा जाणता माणूस होता म्हणून बघितलं.)

चाळीस बरण्या आम्ही फेकल्या. आमच्यातल्या एकीचे आंबे घरच्या झाडाचे होते, तिच्या डोळ्यात पाणी आलं. पण नुसत्या सरांच्या नळीवर कुणाला जाब विचारणार, म्हणून दुसऱ्या दिवशी हळद घेऊन मी आणि एक जण बांबोळीला गेलो, फुलांच्या खुरसासमोर (क्रॉससमोर) अन्न व औषध प्रशासनाची, म्हणजे एफडीएची, इमारत आहे तिथे. सरकारी ऑफिस म्हणून घाबरतच गेलो होतो, खरं सांगायचं तर दिवस वाया जाणार असंच वाटलं होतं. तसं झालं नाही. फी भरली, सॅम्पल दिलं, आणि तिथल्या एका केमिस्ट ताईंनी आम्हाला उभ्या उभ्या समजावलं की रंग कसा ओळखतात. पदार्थातला रंग आंबट पाण्यात उतरवतात, त्यात पांढऱ्या लोकरीचा धागा टाकून उकळतात, कारखान्यातला रंग लोकरीला घट्ट चिकटतो, हळदीचा वगैरे नैसर्गिक रंग धुतला की निघून जातो. मग तो चिकटलेला रंग अमोनियाच्या पाण्यात सोडवून कागदावर ठिपका देतात आणि ओळखीच्या रंगांच्या ठिपक्यांशेजारी तो किती वर चढतो ते बघतात. मोठी मशीन्स वेगळी, पण सुरुवात एका धाग्याने होते हे ऐकून मला फार बरं वाटलं. रिपोर्ट आला, सर म्हणाले होते तेच निघालं.

आता यातली एक गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाने लक्षात ठेवावी. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे फक्त इन्स्पेक्टरच नाही तर तुम्ही-आम्हीसुद्धा फी भरून अन्न तपासून घेऊ शकतो, आणि माल खराब निघाला तर ती फी परत मागायचा हक्क आहे. पण एक अट आहे, विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं की मी हे तपासायला देणार आहे, आणि सॅम्पल रीतसर भाग करून सील व्हायला पाहिजे. आम्हाला हे माहीत नव्हतं, आमची हळद तर उघड्या डब्यातली. त्यामुळे आमचा रिपोर्ट आम्हाला शहाणं करायला उपयोगी पडला, कोर्टात उभा राहण्यासारखा नव्हता. मग आम्ही परत त्या व्यापाऱ्याकडे गेलो, म्हटलं एक किलो द्या, लॅबला द्यायचीय. तो म्हणाला तो माल संपला. आदल्या आठवड्यात मागे पोती रचलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती.

लॅबचं काम असं दिसत नाही म्हणून आपल्याला त्याची किंमत नसते. आणि जेव्हा दिसतं तेव्हा अर्धवट दिसतं. २०१८ चं मासळीचं प्रकरण आठवा. १२ जुलैला मडगावच्या घाऊक मासळी बाजारात सकाळी किटने तपासणी झाली, फॉर्मेलिन (नासू नये म्हणून घालतात ते रसायन) सापडलं म्हणाले, सगळ्या गोव्यात खळबळ, आणि त्यानंतर लॅबच्या हवाल्याने सांगितलं की प्रमाण मर्यादेत आहे. लोकांनी काय समजायचं? सगळे म्हणाले काहीतरी दाबलं. पुढे १८ जुलैला बाहेरच्या मासळीवर पंधरा दिवसांची बंदी आली, आमच्या घरात तर कितीतरी दिवस बांगडा आला नाही, सासूबाईंना नुस्त्याशिवाय (मासळीशिवाय) घास उतरत नाही तरी त्यांनी डाळ-भातावर काढले. मला आता कळतं की त्या वेळी कुणीतरी शांतपणे दोन गोष्टी सांगायला हव्या होत्या. एक म्हणजे कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने काढलेलं ते किट कागदाच्या पट्टीचा रंग बदलून संशय दाखवतं, नेमकं किती आहे हे मोजायचं काम लॅबचं. दुसरं म्हणजे मासळीच्या अंगातच एक द्रव्य असतं, मासा मेल्यावर, विशेषतः गोठवून बरेच दिवस ठेवला की, त्यातून थोडं फॉर्मल्डिहाइड (पाण्यात विरघळलं की तेच फॉर्मेलिन) आपोआप तयार होतं. म्हणून थोडं सापडणं आणि कुणीतरी ओतलेलं सापडणं यातला फरक आकड्यानेच कळतो. तो आकडा, कुठली मासळी, कुठल्या ट्रकातली, हे सगळं तेव्हा साध्या भाषेत बाजाराच्या गेटवर लावलं असतं तर इतकी वर्षं तो अविश्वास राहिला नसता. फॉर्मल्डिहाइडने माणसाला कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनेच सांगितलंय, त्यामुळे भीती खोटी नव्हती, पण माहिती नसली की भीती नुसती वाढत जाते.

आणखी एक, मला ऐकून नवल वाटलं ते लिहिते. दुधाचं सॅम्पल घेतात ना, त्यात ते लॅबला पोचेपर्यंत नासू नये म्हणून नियमानेच फॉर्मेलिनचे थेंब घालतात, पंचवीस मिलीला दोन थेंब. ते दूध कुणी पिणार नसतं, फक्त तपासायचं असतं. ज्या वस्तूने सॅम्पल नासत नाही ती खाण्यात घातली तर मासळी पण नासत नाही, आणि वाईट व्यापाऱ्याला हेच तर हवं असतं. सॅम्पलचे चार भाग करतात तेही यासाठीच की व्यापाऱ्यावर अन्याय होऊ नये, एक लॅबला, दोन अधिकाऱ्याकडे राखीव, आणि व्यापाऱ्याने मागितलं तर चौथा मान्यताप्राप्त दुसऱ्या लॅबला. मला हे फार चांगलं वाटलं.

गोबी मंचुरियनचं पण तसंच. जानेवारी २०२४ मध्ये म्हापशात बोडगेश्वराच्या जत्रेच्या वेळी नगरपालिकेने ते बंद केलं, त्याआधी २०२२ ला वास्कोच्या सप्ताहात पण एफडीएने त्या गाड्यांबद्दल पालिकेला कळवलं होतं. रंग आणि अस्वच्छता असं कारण. मी बंदीच्या विरोधात नाही, माझ्या मुलीच्या जिभेवर तो लालभडक रंग मी बघितलाय. पण कुठला रंग, किती, कुठल्या सॉसमधला, हे माझ्या तरी वाचनात आलं नाही, आणि म्हणून जो गाडेवाला चांगला माल वापरतो त्याला पण लोक वाईट म्हणाले आणि जो वाईट वापरतो तो पुढच्या जत्रेत दुसऱ्या नावाने उभा राहिला असेल. पोदेराच्या (पाववाल्याच्या) पावाबद्दल पण कुणीतरी नियमाने सांगावं असं मला वाटतं. पावाच्या पिठात घालायचं पोटॅशियम ब्रोमेट २०१६ मध्ये देशभर बंद झालं, पण आपण रोज सकाळी दारात घेतो त्या पावाचं सॅम्पल शेवटचं कधी घेतलं आणि काय निघालं, हे गोव्यात किती जणांना सांगता येईल?

कुणी म्हणेल लॅबला वेळ लागतोच. लागतो, मान्य आहे. पण मनावर घेतलं तर काय होतं हे आपण ऑक्टोबर २०२५ ला बघितलं. मध्य प्रदेशात खोकल्याच्या औषधाने मुलं दगावत होती, तामिळनाडूच्या सरकारी लॅबने दसरा आणि गांधी जयंतीची सुट्टी असताना ते औषध तपासलं आणि दोन-तीन दिवसांच्या आत सांगितलं की त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य आहे, जे ०.१ टक्क्याच्या वर असायला नको. लगेच विक्री बंद झाली. एकूण वीसहून जास्त मुलं गेली, पण ती बाटली आणखी किती घरांत पोचली असती याचा विचार केला तर अंगावर काटा येतो. याच विषाने १९८६ साली मुंबईच्या जे. जे. मध्ये चौदा माणसं गेली होती. आपल्या गोव्यात तर वेर्णा-कुंडईला केवढे औषधांचे कारखाने आहेत, म्हणजे आपल्या लॅबवर फक्त गोव्याची नाही, बाहेर जाणाऱ्या औषधांचीही जबाबदारी आहे. तिथे केमिस्टची एक जागा रिकामी राहिली तर ती फक्त पगाराची बचत नसते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. चवथीच्या तोंडावर छापे टाकायचे ते टाका, पण मावा, खवा, बेसन, तूप, रंगीत बडीशेप, अगरबत्तीशेजारी विकल्या जाणाऱ्या त्या रंगीत साखरेच्या माळा, यांचे सॅम्पल श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात घ्या, म्हणजे चौदा दिवस धरले तरी रिपोर्ट चवथीच्या आत येईल. आणि तो रिपोर्ट वेबसाइटवर इंग्रजीत टाकून गप्प बसू नका, पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा, डिचोली, काणकोण, सगळ्या बाजारांच्या गेटवर मराठीत आणि कोंकणीत मोठ्या अक्षरात लावा. व्यापाऱ्याला रिपोर्टविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येतं, त्यामुळे लगेच दुकानाचं नाव लिहिता येत नसेल तर नका लिहू, पण पदार्थ कुठला, कुठल्या ब्रँडचा, बॅच कुठली, त्यात काय सापडलं, एवढं लिहायला काय हरकत आहे? चांगले निघाले तेही लिहा. पन्नास सॅम्पल चांगले निघाले असं वाचलं तर आम्ही त्याच बाजारात जास्त विश्वासाने जाऊ, त्यात दुकानदाराचा पण फायदाच आहे.

आणि कलम ४० ची माहिती पंचायतीत, बचत गटांच्या मीटिंगमध्ये, हायस्कूलच्या पालकसभेत सांगायला लॅबचा माणूस वर्षातून एकदा यावा. आमच्या माशेलात आले तर चहा-पाणी, हॉल, माणसं जमवणं सगळं आम्ही बघू.

आम्ही आता म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून हळकुंडं आणतो, स्वतः उन्हात वाळवून गिरणीत समोर उभं राहून दळून घेतो. रंग तेवढा झळझळीत येत नाही, गिऱ्हाईक विचारतं फिकी का, मग आम्ही त्यांना चाळीस बरण्यांची गोष्ट सांगतो. पण त्या व्यापाऱ्याच्या दुकानामागची उरलेली पोती कुणाकुणाच्या स्वयंपाकघरात गेली ते आम्हाला आजही कळलेलं नाही.

आपली,
एक वाचक
माशेल, तालुका फोंडा
(नाव छापू नये ही विनंती)