पहिल्या घराच्या करारात भिंतही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्यांच्या कुटुंबात कुणाच्याही नावावर देशात कुठेच पक्के घर नाही, अशांना पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागाच्या दुसऱ्या टप्प्यात गृहकर्जाच्या पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के व्याज अनुदान मिळते. घराची किंमत 35 लाखांच्या आत आणि वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत हवे. शिवाय बांधकाम सुरू असलेल्या परवडणाऱ्या घराला जीएसटी फक्त 1 टक्का. सवलती चांगल्या आहेत. पण त्या घेऊन नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे जो फ्लॅट हाती येतो, तो एप्रिल ते जून राहण्याजोगा असतो का, हे या सगळ्या कागदपत्रांत कुणी विचारत नाही. बँक पगारातून हप्ता बसतो का ते पाहते, वीजबिल धरत नाही. दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालला तर 7 ते 10 युनिट जातात. म्हणजे महिन्याला दोनशेच्या वर, आणि बिल 101 ते 300 च्या टप्प्यातून उडी मारून 301 ते 500 च्या टप्प्यात.

हा खर्च बांधतानाच ठरून गेलेला असतो. केंद्र सरकारच्या ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने डिसेंबर 2018 मध्ये निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता आणली. तिच्यातले दोन आकडे प्रत्येक खरेदीदाराला माहीत असायला हवेत. छताचे यू-मूल्य 1.2 पेक्षा जास्त नको. यू-मूल्य म्हणजे आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता आरपार जाते ते. दुसरा आकडा आरईटीव्ही, म्हणजे बाहेरच्या भिंती आणि खिडक्या मिळून आत येणारी उष्णता. ती दर चौरस मीटरला 15 वॉटच्या आत हवी.

नागपूर संहितेच्या संमिश्र हवामान गटात येते. त्या गटाचे सूत्र लावून, बाहेरच्या भिंतीच्या 15 टक्के साध्या काचेच्या खिडक्या आणि वर नेहमीचा छज्जा धरून हिशोब केला, तर 230 मिमी विटेच्या भिंतीचा आरईटीव्ही साधारण 18 येतो आणि 200 मिमी एएसी ब्लॉकचा (हवेच्या बारीक पोकळ्या असलेला हलका काँक्रीट ब्लॉक) 11 ते 12. 150 मिमी आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या भिंतीचा 26 च्या आसपास जातो. त्यातले 18 तर एकट्या काँक्रीटमधूनच येतात, म्हणजे खिडकी हिशोबात न घेताच मर्यादा ओलांडली जाते.

आणि परवडणाऱ्या घरांत सध्या चलती आहे ती याच आरसीसी भिंतीची. ॲल्युमिनियम शटरिंग लावून स्लॅब आणि भिंती एकदम ओतायच्या, आठवड्याला एक मजला चढवायचा. गवंडी लोक तिला सरसकट मिव्हान म्हणतात. या पद्धतीला आमचा विरोध नाही. वेग मिळतो, भूकंपाला इमारत भक्कम राहते, पातळ भिंतींमुळे कार्पेट एरिया वाढतो. पण भार न घेणारी, खिडक्यांची बाहेरची भिंत काँक्रीटचीच हवी असे कुठे आहे? डिझाइनच्या वेळीच ठरवले तर ती एएसीची करता येते. ते जमत नसेल तर इन्सुलेशन बाहेरच्या अंगाला लावावे. आतून पीओपी किंवा पुट्टीचा थर देऊन काहीही साधत नाही. पश्चिमेची काँक्रीट भिंत दुपारभर ऊन पिते आणि खोलीत धग सोडते ती नेमकी झोपायच्या वेळी.

एएसी म्हटले की 'भेगा पडतात' हे उत्तर ठरलेले आहे. पडतात, आणि त्याला बहुतेक वेळा ब्लॉकपेक्षा काम करण्याची पद्धत कारणीभूत असते. कारखान्यातून आलेला ताजा ब्लॉक ओलसर असतो आणि वाळताना आकसतो. तो साइटवर तीन-चार आठवडे उंचावर, झाकून ठेवायला हवा. विटेसारखा पाण्यात बुडवायचा नाही, पृष्ठभाग फक्त ओलसर करायचा. सांधा ब्लॉक जॉइंटिंग मॉर्टरचा, सुमारे 3 मिमीचा हवा. वाळू-सिमेंटचा अर्ध्या इंचाचा थर दिला की सांध्यातून उष्णताही जाते आणि भेगही तिथेच येते. दर मीटर-सव्वा मीटर उंचीला आरसीसी पट्टी घालावी. वरच्या बीमखाली 20 ते 25 मिमी फट सोडून ती सगळ्यात शेवटी भरावी, नाहीतर बीम वाकला की त्याचा भार भिंतीवर येतो. कॉलम आणि ब्लॉक जिथे भिडतात तिथे दोन्हीकडे पसरणारी चिकन मेशची (बारीक तारेच्या जाळीची) पट्टी प्लास्टरच्या आधी ठोकायची. प्लास्टर 1:3 सारखे सिमेंटने तगडे केले की ते ब्लॉकला ओढून फाटते, 1:6 पुरते. आणि वायरिंगच्या झिऱ्या कटरने पाडायच्या, छिन्नी-हातोड्याने नाही. हे शेवटचे काम इलेक्ट्रिशियनच्या हातात असते आणि त्याला कुणी सांगितलेले नसते.

छताबद्दल अधिक काटेकोर राहायला हवे, कारण परवडणाऱ्या इमारती बऱ्याचदा तळमजला अधिक तीन अशा असतात आणि चारातले एक घर थेट उन्हाखाली येते. नुसत्या 150 मिमी स्लॅबचे यू-मूल्य 3.3 च्या आसपास असते. वर चार इंच ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा घातला तरी ते सव्वादोनपर्यंतच उतरते. कोबा उतार आणि पाणी सांभाळतो, ऊन थोपवत नाही. 25 मिमी एक्सपीएस, म्हणजे दाट फोमची इन्सुलेशन शीट टाकली की आकडा 1 च्या खाली येतो. 40 मिमी टाकली तर 0.7 च्या घरात. क्रम मात्र चुकता कामा नये. आधी उताराचा थर, मग वॉटरप्रूफिंग, मग 48 ते 72 तास पाणी कोंडून गळती तपासायची. त्यानंतर शीट, तिच्यावर जिओटेक्स्टाइल कापड, त्यावर जाळी घातलेला 40 ते 50 मिमी काँक्रीटचा थर आणि शेवटी पांढऱ्या टाइल्स किंवा चायना मोझॅक. पैसे वाचवायला एक्सपीएसच्या जागी हलका थर्माकोल घातला तर तो पाणी धरतो आणि दोन पावसाळ्यांत निकामी होतो. पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) तळाशी असलेल्या गोलाईपाशी शीट तोडलेली असते, तिथून उष्णता आत शिरते. ताबा मिळाल्यावर डिश अँटेना आणि सोलर हीटरचे स्टँड बसवणारे थेट स्लॅबला ड्रिल मारतात आणि खालचे वॉटरप्रूफिंग फोडतात. म्हणून स्टँडसाठी काँक्रीटचे छोटे ओटे आधीच ओतून ठेवावेत. नुसता पांढरा रंग हा जुन्या घरांना स्वस्त उपाय आहे, पण धूळ बसली की त्याचा गुण जातो. उन्हाळ्याआधी तो धुवावा लागतो.

खिडकीचा आकार नकाशात दिसतो, ती किती उघडते ते दिसत नाही. संहितेप्रमाणे संमिश्र हवामानात कार्पेटच्या 12.5 टक्के क्षेत्र प्रत्यक्ष उघडणारे हवे, मुंबई-कोकणच्या दमट हवेत 16.66 टक्के. 30 चौ. मी. घराला नागपुरात 3.75 चौ. मी. लागते. हॉल, बेडरूम, किचनला 4 बाय 4 फुटांच्या तीन सरकत्या खिडक्या दिल्या तर त्या अर्ध्याच उघडतात आणि हाती येते 2.2. त्याच मापाच्या झडपांच्या खिडक्या 90 टक्के उघडतात आणि 4 मिळते. पण बाहेर उघडणारी झडप ग्रिलला अडकते, म्हणून ग्रिल आणि खिडकीचे डिझाइन एकत्रच करावे लागते. दोन्ही बाजूंना फ्लॅट असलेल्या बंद कॉरिडॉरमध्ये तर वारा आरपार जायला दारावर झडप हाच मार्ग उरतो. छज्जा दक्षिणेला उपयोगी पडतो. पश्चिमेचे उतरते ऊन तो अडवू शकत नाही, तिथे उभी पट्टी किंवा बाहेरून लावायचा पडदा हवा.

2022 च्या दुरुस्तीने ऊर्जा संवर्धन कायद्याच्या कक्षेत निवासी इमारतीही आल्या, पण एकूण जोडभार किमान 100 किलोवॉट असलेल्या. 24 फ्लॅट, प्रत्येकी 3 किलोवॉट, म्हणजे 72. पहिले घर घेणारी माणसे ज्या इमारतींत जातात त्या नेमक्या या गाळणीतून सुटतात. ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार राज्याला आहे आणि राज्याने तो वापरावा. म्हाडाच्या सोडतीतील घरांच्या निविदांत यू-मूल्य आणि आरईटीव्ही हे दोन्ही आकडे अट म्हणून यावेत, त्याला कायद्याची वाट पाहायची गरज नाही.

तोवर खरेदीदाराने करारनाम्याचे परिशिष्ट वाचावे. तिथे 'भिंत: ब्लॉक / वीट / आरसीसी किंवा समतुल्य' असे लिहिलेले असते आणि त्या 'समतुल्य'मध्ये काहीही बसते. त्याऐवजी भिंतीचा प्रकार आणि जाडी, छतावरच्या इन्सुलेशनचे नाव आणि मिलिमीटर, खिडकी सरकती की झडपेची, एवढे लिहून घ्यावे. रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे कामाच्या दर्जातील आणि करारातील जबाबदाऱ्यांतील दोष ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत विकासकाने 30 दिवसांत, मोफत दुरुस्त करायचे असतात. घर तापते ही तक्रार त्यात बसवणे कठीण आहे. 40 मिमी लिहिले आणि घातलेच नाही, ही तक्रार बसते.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, नागपूर