सरांकडे जा

सोलापूर

चि. गौरी हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज रडवेला वाटला, म्हणून सविस्तर लिहितोय. प्रोग्रॅमिंगची असाइनमेंट अडलीय, सोमवारी सबमिशन आहे आणि तू मैत्रिणीची फाइल उतरवून काढायच्या विचारात आहेस. का, तर "एवढंही येत नाही का" असं सर म्हणतील.

बाळा, माझी सगळी नोकरी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये गेली. सर कशावर चिडतात ते मी रोज बघतो. पोरांना येत नाही म्हणून नाही चिडत. सबमिशनच्या दिवशी दारात उभं राहून "सर, काहीच कळलं नाही" म्हटलं की चिडतात. त्या वेळी टेबलावर सहीच्या जर्नलांचा ढीग असतो, आणि "काहीच"ला उत्तर तरी काय देणार?

परवा एफवायची बॅच टायट्रेशन करत होती, म्हणजे ब्युरेट नावाच्या तोटीच्या काचनळीतून द्रावण थेंबथेंब सोडून किती लागलं ते मोजत होती. एक मुलगा आला, "सर, रीडिंग जुळत नाही." सर म्हणाले, परत कर. तो तोंड पाडून गेला. मागून अक्कलकोटकडची एक पोरगी आली, बोलायला बिचकणारी. तिनं वहीच उघडून पुढे धरली. पहिलं रीडिंग १०.७, पुढची दोन्ही १०.२. "सर, पहिलंच का जास्त आलं?" सरांनी आकडे बघितले आणि विचारलं, "ब्युरेट भरल्यावर तोटीतला हवेचा बुडबुडा काढला होतास?" नव्हता काढला. तो बुडबुडा पहिल्याच वेळी बाहेर पडतो, त्याची जागा द्रावण घेतं आणि तेवढं रीडिंग वाढतं. मग सरांनी त्या मुलालाही हाक मारली आणि दोघांना ब्युरेट भरून दाखवली. मला फार बरं वाटलं बघ.

तुझंही तसंच आहे. एक ते दहाची बेरीज ५५ यायला हवी आणि ४५ येते, असं तू मला सांगितलंस. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण बरोबर दहाच कमी पडतात म्हणजे शेवटचा आकडा धरला जात नसावा, एवढं मलाही दिसलं. सरांना तर लगेच दिसेल. आजोबा मागावर होते तेव्हा जॉबरला, म्हणजे माग बघणाऱ्या मुकादमाला, नुसतं "माग बंद पडला" म्हणून सांगत नसत, कुठल्या बाजूचा धागा तुटतोय ते दाखवत.

तेव्हा उद्याच जा. लेक्चर संपल्यावर "सर, पाच मिनिटं कधी येऊ?" एवढंच विचार. प्रोग्रॅम हातानं लिहिलेला ने, खोडाखोड असली तरी असू दे. काय यायला हवं, काय येतंय, काय बदलून बघितलंस, हे त्याच कागदावर लिही. रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवू नकोस, त्यांनाही घरदार आहे. उतरवलेल्या फाइलचं मला मार्कांपेक्षा वाईट वाटेल ते यासाठी, की व्हायवाला एक्स्टर्नलनं एक ओळ बदलायला सांगितली तर तू गप्प उभी राहशील. तुला येण्यासारखं आहे गं ते.

शनिवारी शेजारचे काका हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला येताहेत. आईनं शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून ठेवलीय, रूममेटनाही दे. सर काय म्हणाले ते कळव.

तुझे,
अण्णा