शिक्षेचे कारण मागणे म्हणजे हात बांधणे नव्हे

महोदय,

शिक्षेबाबत मार्गदर्शक तत्त्वे आखली तर किती शिक्षा द्यायची हे ठरवण्याच्या न्यायाधीशांच्या स्वेच्छाधिकारावर गदा येईल, हे कालच्या अग्रलेखातील विधान वाचल्यापासून मन अस्वस्थ आहे. तो स्वेच्छाधिकार मी एका तालुका न्यायालयाच्या शेवटच्या बाकावर बसून पाहिला आहे.

माझा धाकटा भाऊ २०१५ साली मालवाहू टेम्पोच्या धडकेत गेला. सात वर्षे तारखा पडल्या. हलगर्जीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल, भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली, चालक दोषी ठरला. दोन वर्षांपर्यंत कैद देता येत असताना त्याला न्यायालय उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा आणि पाच हजार रुपये दंड झाला. तो माझ्याच बाकावर येऊन बसला. मधल्या सुट्टीत त्याच्या नातेवाइकाने नाझरकडे दंड भरून पावती आणली, ती त्याने चार घड्या घालून खिशात ठेवली आणि संध्याकाळी न्यायालय उठल्यावर आम्ही दोघे एकाच दाराने बाहेर पडलो. निकालपत्रात शिक्षेविषयी चारच ओळी आहेत: पहिलाच गुन्हा, आणि आरोपी घरातील एकमेव कमावता. माझा भाऊही एकटाच कमावता होता, याचा त्यात उल्लेख नाही. पुढच्याच वर्षी शेजारच्या तालुक्यात अशाच अपघातात, त्याच कलमाखाली, एक वर्षाची कैद झाली. यांतली योग्य शिक्षा कोणती हे ठरवणारा मी कोण? पण एवढा फरक कशामुळे पडला, हे विचारण्याचा अधिकार तरी मला असावा.

तोही नाही. आरोपी सुटला किंवा भरपाई अपुरी मिळाली तर पीडिताच्या कुटुंबाला अपील करता येते. शिक्षा अपुरी आहे म्हणून मात्र फक्त सरकारच अपील करू शकते. फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही हे तसेच ठेवले आहे. शिवाय १ जुलै २०२४ पासून, दंड संहितेच्या जागी आलेल्या न्याय संहितेच्या कलम १०६ ने अशा मृत्यूसाठी कैदेची कमाल मर्यादा पाच वर्षांवर नेली, पण किमान मर्यादा घातली नाही, म्हणजे तफावतीला वाव वाढलाच.

फौजदारी न्यायव्यवस्थेत सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या मळीमठ समितीने २००३ मध्येच शिक्षेबाबत अशा मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस केली होती. इंग्लंडमध्ये २०१० पासून शिक्षा परिषद हे काम करते. तेथे न्यायाधीशाला गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार आरंभबिंदू आणि मर्यादा दिलेली असते, आणि न्यायहितासाठी ती ओलांडायची तर कारण द्यावे लागते. यात हात कोठे बांधले गेले, हे अग्रलेखाने सांगायला हवे होते.

आणखी एक तक्रार आपल्याच दैनिकाविषयी. भावाच्या अपघाताची बातमी आपण छायाचित्रासह पहिल्या पानावर छापली होती. निकालाची बातमी आतल्या पानावर तीन ओळींत आली आणि त्यात शिक्षा काय झाली तेच नव्हते. निदान निकालांच्या बातम्यांत यापुढे शिक्षा आणि तिचे कारण, दोन्ही छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक