घड्याळ खिशात ठेवणाऱ्या काकांना

काका,

माझ्या बोटीचं काम संपल्यावर दोन दिवसांनी मी तुम्हाला फोन केला होता. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. तुम्ही अर्ध्यातच "बरं बरं, वॅक्स मारायला विसरू नका" म्हणालात आणि फोन ठेवून दिलात. म्हणून आता हे उघड पत्र, म्हणजे मध्येच तोडता येणार नाही. नाव लिहीत नाही. ते तुम्हाला रुचणार नाही, एवढं सहा दिवसांत कळलंय.

बोट परवा पाण्यात उतरवली. निळी आहे. इतकी वर्षं कुणी विचारलं तर मी "निळी होती" असं सांगायचो, गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं.

आधी माझं पाप कबूल करतो, कारण तुम्ही ते एकदाही बोलून दाखवलं नाहीत. सहा वर्षं ती उघड्यावर पडून होती. पहिल्याच वर्षी ताडपत्री फाटली. दुसरी आणायचं राहून गेलं आणि मग राहूनच गेलं. घेताना ऐकलं होतं की लाकूड कुजतं, लोखंड गंजतं, फायबरला मात्र काही होत नाही. ते मी सोयीस्करपणे जन्मभरासाठी खरं धरून चाललो. फायबरला खरंच काही झालं नव्हतं. उन्हाचा सगळा मार खाल्ला तो वरच्या जेलकोटने. जेमतेम अर्धा मिलिमीटरचा थर तो! मी त्याला रंग समजत होतो. तुम्ही सांगितलंत की हा वरून मारलेला रंग नव्हेच. बोट साच्यात घडते तेव्हा सगळ्यात आधी साच्याला हाच रंगीत रेझिन मारतात आणि काचेचे धागे, म्हणजे फायबर, त्याच्या पाठीवर मागून बसतात. "हिची कातडी आधी जन्मते, हाडं नंतर," असं तुम्ही म्हणालात. हे ऐकेपर्यंत ती कातडी मी सहा वर्षं भाजत ठेवली होती.

तोवर तिची दशा अर्धवट पुसलेल्या पाटीसारखी झाली होती. बोट फिरवलं की बोटाला पांढरट पावडर लागायची आणि कपडा घासला गेला की खडू सांडल्यासारखा माखायचा. येताजाता पोरं तिच्यावर बोटाने नावं लिहायची, चित्रं काढायची. मीही एकदा तिच्यावर सायकल टेकवून ठेवली होती. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं, आज सांगतो.

तुमच्याआधी तिघे येऊन गेले. पहिल्याने लांबूनच बघितलं आणि हसला. "यात काय उरलंय? रंग मारून मोकळे व्हा." रंग मारणं हा काही गुन्हा नाही, जिथे जेलकोट संपलेलाच असतो तिथे तोच उपाय, हे आता मला कळतं. पण संपलाय की नाही ते पाहायला निदान जवळ तरी यावं लागतं. दुसऱ्याने कसलीशी बाटली आणली आणि तासाभरात बोट तेल लावलेल्या डोक्यासारखी चमकायला लागली. मी खूश. तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा पांढरी! शिवाय त्या बाटलीत सिलिकॉन होतं. ते छिद्राछिद्रांत मुरून बसलं. ते निघाल्याशिवाय वर नवं काही धरत नाही, माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात, हे तुमच्याकडून कळलं. ते धुऊन काढण्यातच तुमचा पहिला दिवस गेला. दुसऱ्याचा घोळ निस्तरण्याचे पैसे तुम्ही वेगळे लावले नाहीत, तेही लक्षात आहे.

आणि तिसरा. त्याच्याबद्दल लिहिताना अजून हात शिवशिवतात. भर दुपारच्या उन्हात, तापलेल्या अंगावर, बफिंग मशीन पूर्ण वेगात सोडून त्याने दीड तासात काम "संपवलं". सगळ्या बाजूवर चकलीसारखे गोल गोल वळ उठले. मागच्या कोपऱ्यावर तर मशीन एकाच जागी टेकवून धरलं होतं, तिथे जेलकोट आरपार जाऊन खालचे धागे दिसायला लागले. तो म्हणाला, कोपरा आधीपासूनच खराब होता. मग म्हणाला, स्टिकर लावा, कुणाला दिसतंय! मी पैसे दिले, वर "थँक्यू"सुद्धा म्हटलं. चूक कुणाच्याही हातून होते. पण स्वतःच्या चुकीवर स्टिकर लावायचा सल्ला गिऱ्हाइकाला द्यायचा, हे मला आजही पचत नाही.

त्यानंतर तुम्ही आलात. यायला उशीर झाला म्हणून मी आधीच वैतागलो होतो, आणि चौथ्यांदा फसायची तयारीही ठेवली होती. तुम्ही बोटीभोवती दोन फेऱ्या मारल्यात, काहीही न बोलता. मग थांबलात. मनगटावरचं घड्याळ काढलंत आणि शर्टाच्या खिशात टाकलंत. पट्ट्याचं बक्कल फिरवून कमरेच्या मागे नेलंत. बोटातली अंगठी जरा अडली, ती थुंकी लावून काढलीत. आणि मग कुठे तिच्या अंगाला हात लावलात.

बस, एवढंच. या पत्राचं कारण एवढंच आहे.

त्या क्षणी मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू? मनात म्हटलं, हिच्या अंगावर आता नवा ओरखडा उठायला जागा तरी कुठे आहे? वळ पडलेले, कोपरा फाटलेला, पोरांची चित्रं, माझ्या सायकलचा घासा. अशा बोटीला घड्याळ लागू नये म्हणून हा माणूस जपतोय! पण हसू आलं तसंच विरलं आणि घशात काहीतरी दाटलं. लहानपणी आमचे एक डॉक्टर होते, ते छातीला लावण्याआधी स्टेथोस्कोप तळहातावर घासून गरम करायचे. ताप त्याने उतरत नाही. पण त्या माणसाच्या हाती आपण सुखरूप आहोत, हे त्या दोन सेकंदांतच कळायचं. मला त्या दिवशी तसंच काहीतरी कळलं, फक्त तिच्या वतीने. ती नवी असती, चकाकत असती, तरी तुम्ही हेच केलं असतंत. आणि तिची ही दशा असतानाही तेच केलंत.

चौथ्या दिवशी मी न राहवून विचारलं की घड्याळ का काढता. तुम्ही म्हणालात, "सवय." आणि घासायचा पेपर भिजवायला वळलात.

पाण्याची गोष्ट मात्र पहिल्याच दिवशीची. तुम्ही मगभर पाणी मागितलंत. मला वाटलं, प्यायला. तुम्ही तळहात बुडवलात आणि नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाशी, तिच्या अंगावरून एकदाच फिरवलात. हाताच्या मागोमाग निळा रंग उमटत गेला! गडद, बोट घेतली होती तेव्हाचा. पाणी वाळलं तसा तो मिनिटभरात पुन्हा राखेत गेला. मी बहुतेक काहीतरी मोठ्याने ओरडलो. तुम्ही शांतपणे समजावलंत: उन्हाने वरचा पापुद्रा भुगा होतो, त्यात बारीक खळगे पडतात, त्यावर उजेड विखुरतो आणि डोळ्याला पांढरं दिसतं, पाणी खळगे भरतं, म्हणून घडीभर खालचा रंग दिसतो. "पाण्याने आला म्हणजे आहे. आला नसता तर मी तुम्हाला रंग मारा म्हणून सांगून निघालो असतो." म्हणजे पहिल्याने हसून दिलेलाच सल्ला कदाचित तुम्हीही दिला असतात. पण हात ओला करून.

पुढचं काम कसं केलंत ते मी इथे लिहीत बसत नाही. बरेच जण विचारतात, कुठला पेपर, कुठलं कंपाउंड, मशीनचा वेग किती. मला अर्धंमुर्धंच कळलंय आणि अर्ध्यामुर्ध्या माहितीने काय होतं त्याचा नमुना माझ्या कोपऱ्यावर होता. डोळ्यांसमोर राहिलंय ते वेगळंच. सावली फिरेल तशी तुम्ही जागा बदलायचात, कारण तापलेल्या अंगावर मशीन लावायचं नाही. घासण्याआधी पेन्सिलीने हलक्या आडव्या-उभ्या रेघा मारायचात आणि रेघा पुसल्या गेल्या की हात थांबवायचात. १००० नंबरचा वॉटर पेपर, मग १५००, मग २०००, आणि तिच्या अंगावरून दुधाळ निळ्या पाण्याचे ओघळ. सगळ्या कडांना आधी टेप, कारण कडेवर मशीनचा सगळा दाब एका रेघेवर येतो आणि तिथला जेलकोट बघता बघता जातो. टेप लावताना तुम्ही त्या फाटक्या कोपऱ्याकडे एकदा बघितलंत. तिसऱ्याबद्दल तुमच्या तोंडून तेवढीच टीका निघाली, तीही न बोलता.

त्या कोपऱ्याला तुम्ही हात लावलात तो सगळ्यात शेवटी. मला घाई होती, मी म्हटलं आधी तेच करा, ते बघवत नाही. तुम्ही म्हणालात, बाकीचं अंग उजळल्याशिवाय कुठल्या निळ्याशी जुळवू? बरोबरच होतं. राखेशी जुळवला असता तर उद्या तो कोपरा ठिगळासारखा फिका दिसला असता. रंगाचे थेंब मिसळून, वाळवून, बाजूला धरून बघायचं, असं तुम्ही किती वेळा केलंत ते मोजलं नाही, पण दुपार गेली. मग त्या नव्या जेलकोटमध्ये तो घट्ट करणारं हार्डनर घालून तो लावलात आणि वरून पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवलंत. हवा लागली तर हा वरून चिकटच राहतो, म्हणालात. हवेत सुकणं सोडून हवा लागल्यावर अडून बसणारा पदार्थ मी पहिल्यांदाच पाहिला.

पाचव्या दिवशी आपला थोडा वाद झाला. तुम्ही विसरला असाल. नाळेच्या डाव्या अंगाला हातभर जागा अजून जरा धुरकट दिसत होती. मी म्हटलं, अजून एक हात मारा ना! तुम्ही मशीन बंद केलंत. "इथे थांबू. अजून घासलं तर आज सुंदर दिसेल, पण पुढच्या वेळी घासायला काही राहणार नाही. चमक बाहेरून येत नाही, तिच्या अंगातूनच खरवडून काढतो आपण." मी गप्प बसलो. हौस माझी, पैसे माझे, बोट माझी, आणि तिच्या बाजूने बोलत होतात तुम्ही. अजून एक हात मारला असतात तर मी तुम्हाला वर बक्षीस दिलं असतं. दहा वर्षांनी जेलकोट संपल्यावर मी तुम्हाला शोधत थोडाच येणार होतो?

सभ्यपणा म्हटलं की आपल्याला गोड बोलणं आठवतं. तुम्ही फार गोड बोलत नाही, फोनवर तर मुळीच नाही. तिसरा मात्र मधासारखा बोलायचा, प्रत्येक वाक्याला "साहेब". हल्ली मी माणसाच्या तोंडाकडे कमी आणि हाताकडे जास्त बघतो. गाडीचं बॉनेट उघडण्याआधी हात पुसणारा, भिंतीला भोक पाडताना खाली कागद पसरणारा, दुसऱ्याची वही चिमटीत धरून उलटणारा. असे बरेच असतात. आपण त्यांना "काम नीट करतो" एवढंच म्हणतो आणि विसरतो. मीही आजवर तेच करत आलोय.

परवा बोट उतरवताना एक मित्र मदतीला आला होता. ढकलायला तो कंबर टेकवणार तेवढ्यात मी जोरात ओरडलो. बिचारा दचकला, त्याला वाटलं पायाखाली काही आलं. मी त्याला पट्टा काढायला लावला. तो अजून मला हसतोय. हसू दे.

आता कामाचं सांगतो, कारण तुम्ही वाचलंतच तर तेवढंच वाचाल. नवी ताडपत्री आणली आहे. बोट पाण्याबाहेर काढली की गोड्या पाण्याने धुतो आणि पुसतो. वॅक्सचा एक हात मारून झाला, सावलीत, मशीन न लावता. पुढचा सहा महिन्यांनी. धुरकट जागा तशीच आहे, तिला हात लावलेला नाही.

कोपऱ्याचं तुम्ही जाताना स्वतःहून सांगितलं होतंत. जुना आणि नवा जेलकोट उन्हात वेगवेगळ्या चालीने उतरतात, त्यामुळे आज जुळलेला रंग वर्षा-दोन वर्षांत थोडा वेगळा दिसू लागेल, तेव्हा घाबरू नका, फोन करा. आज सकाळी उजेड तिरपा असताना मुद्दाम वाकून बघितलं. कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते मला सापडलं नाही. दिसायला लागला की फोन करतो. तेव्हा तरी उचला.