रात्री दीडला निघून सकाळी साडेसातला अमेरिका?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी पेपरात एका ट्रॅव्हल्सवाल्याचं पत्रक घातलेलं होतं, मुंबई-न्यूअर्क डायरेक्ट, रात्री दीडला सुटणार सकाळी साडेसातला पोचणार, बस एवढंच. आमच्या शेजारच्या काकू लेकीच्या बाळंतपणासाठी पहिल्यांदाच न्यू जर्सीला (न्यूअर्क तिथलंच) निघाल्यात, त्यांनी सरळ सहा तासांचा हिशोब केला आणि बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत साड्यांच्या खाली टाकल्या, म्हणे बडोद्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायला पण एवढाच वेळ लागतो की!

आता त्यांना समजावता समजावता माझी दुपार गेली. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात, हे पत्रकावर कुठेच नाही. तिकडे उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे उन्हाळ्यात पोचाल तेव्हा इथे संध्याकाळचे पाच, प्रवास साडेपंधरा तासांचा. येताना उलटी गंमत, तिथून सकाळी अकराला बसा आणि मुंबईत दुसऱ्या दिवशी अकराला उतरा, कागदावर चोवीस तास दिसतात पण विमानात साडेचौदाच. एक तास वाचतो तो वरच्या वाऱ्यामुळे, पश्चिमेकडून पूर्वेला जोरात वाहतो ना, येताना पाठीवर आणि जाताना तोंडावर.

अंतराचं पण तसंच. काकूंच्या नातवाच्या पृथ्वीच्या गोलावर मी सुईदोऱ्याच्या डब्यातला दोरा ताणून दाखवला, मुंबईहून निघालेला दोरा अरबस्तानातून स्पेनवरून जाईल असं त्यांना वाटत होतं, तो गेला रशिया, आइसलँड करत ग्रीनलँडच्या टोकापाशी. साडेबारा हजार किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली तर त्या रेघेच्या वाटेने दीड हजारच्या वर किलोमीटर जास्त भरतात, सपाट नकाशा फसवतोच. अर्थात दोऱ्याच्या वाटेनेच विमान जाईल असं काही नाही, एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली तेव्हापासून वळसे आलेच.

आणि खरा वेळ मोजायचा तर दारापासून मोजा. बडोद्यातून दुपारी बाराला रिक्षात बसायचं, गाडीने बोरिवली, तिथून टॅक्सी, तीन तास आधी विमानतळ, वर तिकडची इमिग्रेशनची रांग, लेकीच्या घरात पाय पडेपर्यंत एकतीस तास होतात!

म्हणून विनंती एवढीच की अशी जाहिरात घेताना 'प्रवासाचे एकूण तास' एका ओळीत लिहायला सांगा ना त्यांना, जागा किती लागणार?

गोळ्या आता पर्समध्ये आल्यात, दशम्यांच्या डब्याशेजारी. पण रोजची सकाळी आठची गोळी विमानात कुठल्या आठला घ्यायची असं काकूंनी विचारलं, तेव्हा मात्र मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं.

एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे