जिनोआच्या शहरदर्शनाचे पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
परदेश सहली, मुंबई कार्यालय

स.न.वि.वि.

मी आणि माझे यजमान आपल्या भूमध्य समुद्रातल्या क्रूझ सहलीला आलो होतो. जहाज, केबिन, जेवण यांबद्दल काहीच म्हणणे नाही. तक्रार आहे ती इटलीतल्या जिनोआ बंदरावरच्या दिवसाची. ती फोनवर केली तेव्हा मिळालेले उत्तर पटले नाही, म्हणून लेखी देत आहे.

आपल्या कार्यक्रमपत्रिकेत त्या दिवसासाठी छापले होते : ‘जुन्या शहरातून पायी फेरफटका, सान लोरेन्झो कॅथेड्रल, स्ट्राडा नुओव्हावरील राजवाडे व पॅगानिनीचे व्हायोलिन’. (पॅगानिनी म्हणजे जिनोआत जन्मलेला जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक.) यासाठी सहलीच्या रकमेवर माणशी 95 युरो वेगळे घेतले. प्रत्यक्षात धक्क्यावर बस उभी होती. सगळे बसल्यावर टूर मॅनेजरने जाहीर केले की आज सोमवार, म्युझियम बंद आहे, तर आपण शॉपिंगला जाऊ. तासभर प्रवास करून आम्हाला डोंगरापलीकडच्या एका मॉलमध्ये नेऊन सोडले. दुपारी दोननंतर परत जहाजाशी. जिनोआ आम्ही बसच्या काचेतून पाहिले, तेही जास्त करून बोगदेच.

आपल्या कार्यालयाचे म्हणणे असे की स्थानिक परिस्थितीनुसार कार्यक्रम बदलण्याचा हक्क कंपनीकडे असतो. वादळ आले, संप झाला, तर ते कुणीही समजून घेईल. पण सोमवार ही कसली परिस्थिती? जहाज कोणत्या तारखेला कोणत्या बंदराला लागणार हे बुकिंगच्या वेळीच ठरलेले होते. ते व्हायोलिन ज्या पालाझ्झो तुर्सीमध्ये आहे तिथली सोमवारची सुट्टीही नवी नाही. माहीत असूनही ते पत्रिकेत छापले असेल तर ती फसवणूक, आणि पाहिलेच नसेल तर निष्काळजीपणा. माझे यजमान आयुष्यभर व्हायोलिन वाजवत आले आहेत. ग्वार्नेरी या नामवंत इटालियन कारागिराने 1743 साली बनवलेले ते वाद्य पॅगानिनीने मरताना आपल्या जन्मगावाला देऊन टाकले. त्या एका ओळीसाठी आम्ही ही सहल निवडली होती.

शिवाय म्युझियम बंद म्हणून शहर बंद नसते. जुन्या जिनोआला जायला बस लागतच नाही. पोंते देई मिल्ले धक्क्यावरून बाहेर पडून समुद्राच्या कडेने सपाट रस्त्याने चालत गेले की वीसेक मिनिटांत जुन्या शहराच्या तोंडाशी असलेल्या सोत्तोरिपा रस्त्याच्या कमानी लागतात. ‘ज्येष्ठांच्या सोयीसाठी बस’ हे आपल्याकडून मिळालेले कारण म्हणूनच मला मान्य नाही. गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या दोन बायका आमच्या ग्रुपमध्ये होत्या. त्या मॉलमध्ये याहून जास्त चालल्या.

‘गल्ल्या अरुंद, पाकीटमार फार, ग्रुप सांभाळता येत नाही’ असेही आम्हाला सांगण्यात आले. पाचला जहाजावर परतायचे होते, म्हणून उरलेल्या वेळात आम्ही दोघे आपापलेच निघालो. आधी पालाझ्झो सान जॉर्जो. ही 1260 ची इमारत. लढाईत पकडलेला मार्को पोलो 1298 च्या सुमारास इथेच कैदेत होता आणि आपला प्रवास त्याने सोबतच्या कैद्याला इथेच सांगून लिहवून घेतला, असे मानतात. त्या प्रवासवर्णनात आपल्या ठाण्याचा उल्लेख आहे. आम्ही ठाण्याचेच. ग्रुपमधली निम्मी माणसे ठाणे-मुलुंडची होती. त्या दारासमोर आमच्यासारख्यांना दोन मिनिटे उभे करून एवढे सांगायला ना तिकीट लागते ना परवानगी.

तिथून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सान लोरेन्झोमध्ये गेलो. आत एक तोफगोळा उभा करून ठेवला आहे. 9 फेब्रुवारी 1941 ला ब्रिटिश आरमाराने समुद्रातून मारा केला तेव्हा तो कॅथेड्रलमध्ये घुसला आणि फुटलाच नाही. माणसे त्याच्या शेजारी गुडघे टेकून प्रार्थना करत होती. यजमान बराच वेळ तिथून हलले नाहीत. राजवाड्यांपर्यंत मात्र पोहोचताच आले नाही. जिनोआ तेव्हा स्वतंत्र प्रजासत्ताक होते; सरकारी पाहुण्यांना अशा कुणाच्या राजवाड्यात उतरवायचे याच्या याद्या या शहराने 1576 पासून केल्या. त्यांतले 42 राजवाडे 2006 पासून जागतिक वारसा आहेत. संध्याकाळी बंदर सोडताना डेकवरून 1543 चे दीपगृह तेवढे दिसले.

जेवणाचेही लिहायलाच हवे. शाकाहारी लोकांची पंचाईत होईल म्हणून मॉलच्या पार्किंगमध्ये गार ठेपले आणि चिवड्याची पाकिटे वाटली. सोत्तोरिपाच्या कमानींखाली आम्ही फारिनाता खाल्ली. चण्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, बास. मोठ्या तांब्याच्या ताटात पातळ ओतून भट्टीत भाजतात. कडा कुरकुरीत, मध्ये मऊ, वर मिरपूड. आमच्या ग्रुपमधल्या जैन कुटुंबालाही ती चालली असती. आपल्या माणसाला हे ठाऊक नसेल तर त्याला जिनोआचा टूर मॅनेजर म्हणून पाठवू नका.

माझ्या मागण्या अशा. दोघांचे मिळून 190 युरो पूर्ण परत करावेत, पुढच्या सहलीचे कुपन नको. त्या मॉलकडून कंपनीला किंवा टूर मॅनेजरला कमिशन मिळते का, याचे लेखी उत्तर द्यावे. आणि पुढच्या ज्या ग्रुपचे जहाज सोमवारी जिनोआला लागणार आहे, त्यांना पैसे घेण्याआधी व्हायोलिन दिसणार नाही हे सांगावे आणि जुन्या शहरातून पायीच न्यावे. ही शेवटची मागणी मला पैशांइतकीच महत्त्वाची आहे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा याखाली ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. कार्यक्रमपत्रिकेची आणि 95 युरोंच्या दोन्ही पावत्यांची प्रत सोबत जोडली आहे.

आपली,
सहलीतील एक ग्राहक, ठाणे